हलकं काडतूस

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. दहा पावलांवरून चेल्याने बाबांवर बंदूक झाडली, बायका किंचाळल्या, आणि धूर विरला तर बाबा जसेच्या तसे! त्यांनी मूठ उघडली. तळहातावर शिशाची गोळी.

"गोळी असो, छर्रे असोत, ताईतापुढे सगळ्यांचं पाणी होतं!" बाबा गरजले. "तोफगोळा आणा, त्याचाही लाडू करतो!"

मी बंदुका दुरुस्त करते. नळीतून आलेली गोळी काळवंडते, चेपते. ही तर नवीकोरी चकचकीत होती. पण माझा धाकटा भाऊ डोळे पुसत होता. तो बँकेच्या रोकड गाडीवर पहारेकरी. गेल्या महिन्यात त्याचा जोडीदार गोळी लागून गेला, तेव्हापासून याची झोप उडालेली. "ताई, ताईत मिळाला की ते जड बुलेटप्रूफ जाकीट नको," तो म्हणाला.

"ताईत बांधून बंदुकीपुढे कोण उभा राहतो?" बाबांनी विचारलं.

धाकटा तडक पुढे गेला. ड्युटीवरून थेट आलेला, काडतुसांचा पट्टा कमरेला तसाच. बाबा डोळे मिटून पुटपुटत होते, चेला गर्दी मागे सारत होता. टेबलावरची भरलेली बंदूक धाकट्याने उचलून उघडली, आतलं काडतूस बाहेर ठेवलं, पट्ट्यातलं लाल काडतूस घातलं, आणि ताईत बांधून भिंतीशी जाऊन उभा राहिला. चेल्याने नेम धरला. मी गर्दीतून पुढे घुसले.

"थांबा! त्यात खरं काडतूस आहे!"

"या शंकेखोर बाईला बाहेर काढा," बाबा हसले.

"अरे, सांग त्यांना काय घातलंस!"

"तुमचं हलकं लागलं, बाबा," धाकटा भोळेपणाने म्हणाला. "बंदूक हातात आली की काडतूस तपासायचं, हा आमचा नियमच आहे. म्हणून माझं घातलं. नऊ छर्‍यांचं."

"घोडा ओढू नकोस!" बाबा किंचाळले. चेला दचकून वळला, नळी बाबांकडे झाली, आणि बाबा थेट टेबलाखाली.

मी बंदूक काढून घेतली. दोन्ही काडतुसं सगळ्यांसमोर कापली. भावाच्या काडतुसातले नऊ छर्रे ताटलीत टणटणले. बाबांच्या काडतुसात होती फक्त दारू आणि पुठ्ठ्याची चकती. म्हणजे नुसता आवाज आणि धूर. गोळी आधीपासून मुठीत. "लोकहो, ताईत घेण्याआधी एवढंच बघा, देणारा स्वतः त्याच्यावर विसंबतो का," मी म्हटलं.

धाकटा मटकन खाली बसला. "ताई, मला उद्या फार भीती वाटेल गं."

"वाटू दे," मी त्याला घट्ट धरून म्हटलं. "भीती वाटते म्हणूनच जाकीट घालायचं."