चौघांच्या अंगचं झबलं

रुखमाची दोन लेकरं आधीच गेली होती. म्हणून तिसऱ्या खेपेला ती भामरागडकडच्या सासरहून आरमोरीला बाळंतपणाला आली, तेव्हा तिची आई बायनाबाई दारोदार एक जुनं झबलं मागत फिरली. आमच्याकडे जन्मलेल्या जिवाला आधी नवं कापड घालत नाहीत. ज्या घरची लेकरं जगली-वाढली, तिथून जुनं मागून आणतात. त्या घरचं आयुष्य याला लागतं म्हणतात.

एरवी कुणी नाही म्हणत नाही. पण जिची लेकरं टिकत नाहीत, तिच्या घरी आपल्या लेकराचं कापड कोण धाडेल? त्या कापडामागून तिचं दुखणं आपल्या दारी आलं तर? आता तोंडावर नाही म्हणणं रीतीला धरून नाही. मग शेजारच्या शकुबाईनं बाजारातून कोरं झबलं आणलं, हळदीचं बोट लावून हातावर ठेवलं. सोनीबाईनं तेच केलं. गुणवंतरावांच्या सुनेनं तर वर टोपडंही दिलं. सापही मेला, काठीही मोडली नाही. बायनाबाईकडे नव्या कापडांचा ढीग लागला आणि पोराला घालायला एक चिंधी नव्हती.

मी सत्यशीला, बौद्ध वस्तीतली. रुखमा आणि मी चौथीपर्यंत शाळेत एका पट्टीवर बसलो. माझी चारही लेकरं धडधाकट, आणि चौघांनी एकच झबलं वापरलं. नवऱ्याच्या जुन्या धोतराचं, मीच शिवलेलं. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण रुखमाचा होता, आणि माझा जीव रुखमावर होता. धाकटीच्या अंगातून काढून, धुऊन घेऊन गेले.

"हे घे, बाई. चौघं वाढले ह्याच्यात."

बायनाबाईनं हात पुढे केला नाही. "ठेव तिथी ओट्यावर."

"माय, घे ना," आतून रुखमा म्हणाली. "काऊन नाई घेत?"

"तुह्या सासूनं इचारलं कोणाच्या घरचं, तं काय सांगू?" बायनाबाई म्हणाली, मग माझ्याकडे वळली. "पोराच्या अंगाले पयलं कापड तुमच्या घरचं कसं लावू, शीला? तूच सांग."

इतक्या गोडीनं बोलली की भांडताही येईना. दिलेलं परत घेऊ नये म्हणतात. पण घेतलंच नाही ते दिलं कसं म्हणायचं? मी उचललं आणि घरी आले.

मुलगा झाला. बारीक, पण जोरात रडायचा. माय शेतावर गेली की झबलं घेऊन ये, असा रुखमानं गुपचूप निरोप धाडला. गेले, तर बायनाबाई दारातच धान पाखडत बसलेली. माझ्या हातातल्या कापडाकडे बघून म्हणाली, "रुखमा झोपली हाये." सूप हलतच राहिलं.

पोराला बारसं व्हायच्या आधीच ताप आला. दवाखान्यात नेलं, छाती भरली म्हणाले. तिथेच ते गेलं. कापडानं लेकरू जगतं असं मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही. पण रुखमाला त्या एका कापडाची आस होती आणि तेवढीही तिची कुणी पुरी होऊ दिली नाही, याची चीड माझ्या मनातून जात नाही.

त्याच दिवशी दुपारी बायनाबाई माझ्या अंगणात आली. आमच्या वस्तीत तिनं कधी पाय ठेवला नव्हता.

"शीला, ते झबलं दे. रुखमा पोराले सोडून नाई राह्यली. ते घातल्याबिगर मातीत नेऊ नाई देत."

"आता चालते काय, बाई?"

"आता कोण इचारते."

झबलं धाकटीच्या अंगात होतं. तिथेच काढलं. कापडाला तिची ऊब होती अजून. बायनाबाईनं या खेपेला ते माझ्या हातातून घेतलं, पदराखाली धरलं आणि गेली.

संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी मी चौघांच्याही कपाळाला हात लावून पाहिला. माझा विश्वास नाही. थोड्या वेळानं पुन्हा पाहिला.