तिसऱ्या खोलीचा स्लॅब

अमळनेरच्या आमच्या घरात निजायच्या खोल्या तीन, तिन्हींवर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छत. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ठरवलं की दरवर्षी कापूस विकला की एका खोलीवर स्लॅब टाकायचा. पहिली त्यांची झाली. दुसरी थोरली सून म्हणून माझी व्हायची. पण दिराचं लग्न ठरलं आणि नवी खोली नव्या नवरीला गेली. मी महिनाभर आबांच्या भाजीत मीठ कमी टाकलं.

आखाजीनंतर, ऐन वैशाखात, दोन्ही स्लॅब तव्यासारखे तापले. माझी मातीची खोली तेवढी गार. जेवले की आबा उशी घेऊन माझ्या पलंगावर आडवे व्हायचे. सासऱ्यांसमोर सुनेनं कसं थांबायचं? मी डोक्यावर पदर घेऊन चुलीच्या धगीत बसायची.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या खोलीसाठी गवंडी आला. आबा पडल्यापडल्याच म्हणाले, "ही राहू दे. गार आहे."

मी अंगणात जाऊन शिडी स्वतः भिंतीला लावली, गवंड्याच्या हातात कुदळ दिली आणि दारातून म्हणाले, "आबा, उशी उचला. वरून माती पडेल."