कढईच्या काठावरचे तीन ठोके

मी एक जुनी काठी आहे, मित्रांनो. पण म्हाताऱ्यांना टेकायला देतात तसली नव्हे, आणि पोरांना धाक दाखवतात तसलीही नव्हे. मी साबणाची चव घ्यायची काठी आहे. हसू नका. आमच्या नाब्लुस शहरात साबणाची चव घेतात, आणि ती घेता येणं ही मोठ्या मानाची गोष्ट असते. निदान होती.

माझा जन्म शहराबाहेरच्या टेकडीवर, एका ऑलिव्हच्या झाडावर झाला. छाटणीत मी खाली पडले. पुढे माझा धनी झालेल्या सुबहीच्या वडिलांनी मला उचललं, हातभर लांबीची तासली, टोक चमच्यासारखं चपटं केलं आणि तेलात मुरत ठेवलं. ते साबणाच्या कारखान्यात कढईचे मुअल्लिम होते, म्हणजे उकळत्या साबणापुरते सगळ्यांचे वडीलधारे. त्यांच्यामागे मी सुबहीच्या हातात आले आणि चाळीस वर्षं त्याच हातात राहिले.

कढईत ऑलिव्हचं तेल, पाणी आणि सोडा दिवसचे दिवस शिजतात. सोडा मोठा वाईट. तो तेलात पुरता मुरला नाही, तर साबण माणसाची कातडी खातो. मुरला की नाही हे कसं कळायचं? सुबही मला कढईत बुडवायचा, फुंकर घालायचा आणि माझं टोक जिभेला लावायचा. डंख बसला, तर अजून शिजू द्या. नाही बसला, तर साबण तयार. मग तो कढईच्या काठावर माझे तीन ठोके मारायचा. ते ऐकले की माणसं बादल्या भरून जिना चढायची आणि वरच्या मजल्यावर सगळा साबण फरशीवर ओतायची.

आमच्याकडे एक रीत होती. ठोक्यांआधी ‘झालं का?’ असं मुअल्लिमला कुणी विचारायचं नाही, तो अपमान. आणि ठोक्यांनंतर कुणी तोंड उघडायचं नाही, मालकानेही नाही. मालक हाजी वासिफ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे की माझा कारखाना सुबहीच्या जिभेवर उभा आहे. ते ऐकून मी किती फुगायचे म्हणून सांगू! जीभ त्याची, पण टोक माझं ना.

मग लुबना आली. हाजींची नात, अम्मानला रसायनशास्त्र शिकलेली. तिच्याजवळ एक छोटी बाटली होती. चिमूटभर साबणावर बाटलीतला थेंब टाकायचा. थेंब गुलाबी झाला तर सोड्याची आग अजून शिल्लक आहे. जुनी माणसं गालात हसली. वड्यांवर ठसे मारणारा फख्री, सुबहीचा लहानपणापासूनचा दोस्त, म्हणाला, “आली बाई डॉक्टरीण. साबणाला ताप किती आहे बघ गं.”

तीही काही कमी नव्हती. आमच्याकडे काकांना अम्मो म्हणतात. “साबणाचं नंतर बघते, अम्मो. आधी तुमची जीभ दाखवा, फार चालते.”

सगळे हसले, सुबहीसुद्धा. मला वाटलं, जमेल यांचं.

कसलं काय! दुसऱ्याच आठवड्यात सुबहीने ठोके मारले आणि लुबना सगळ्यांदेखत म्हणाली की थांबा, थेंब गुलाबी आहे. सुबहीने मला खाली ठेवलं आणि तो घरी निघून गेला. पाठोपाठ जुनी पाच माणसं गेली. नंतर कळलं, पोरीने नमुना कढईच्या कडेचा घेतला होता. तिथे ढवळणं पोचत नाही. मधला साबण अगदी उत्तम होता. हाजींनी तिला कुनाफ्याचं, म्हणजे आमच्याकडच्या चीजच्या मिठाईचं, ताट देऊन सुबहीच्या घरी पाठवलं. तिने माफी मागितली आणि शब्द दिला म्हणे, की मुअल्लिमच्या ठोक्यांवर मी पुन्हा कधी बोलणार नाही. सुबहीने कुनाफा खाल्ला आणि भांडण मिटलं. मला मात्र तिचा तो शब्द आजही टोचतो.

त्या हिवाळ्यात सुबहीला ताप आला. आठ दिवसांनी तो कामावर आला, मला कढईत बुडवलं, फुंकर घातली, जिभेला लावलं. आणि थांबला. पुन्हा लावलं. साबण कच्चा होता, मित्रांनो. माझ्या टोकावर सोडा नुसता जळत होता, आणि त्याला काही म्हणजे काही कळलं नाही. दुपारी मी त्याच्या कमरेला खोचलेली असताना त्याने एक आख्खा कांदा सफरचंदासारखा चावून खाल्ला. डोळ्यांतून पाणी आलं, पण चव नाही आणि वासही नाही. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, त्याला आणि मला.

सांगणार कुणाला? जीभच गेली तर कारखान्यात त्याची जागा काय राहिली? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्याने ठरवलं. बुडबुड्यांचा आवाज ऐकून आणि उकळीचा रंग बघून त्याने दोन कढया बरोबर उतरवल्या. कमाल होती त्याची. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

तिसऱ्या कढईला त्याची खात्री होईना. मला हातात फिरवत तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने कॉफीच्या कपात थोडा साबण घेतला, मला कमरेला खोचलं आणि लुबनाच्या खोलीकडे निघाला. मला इतका आनंद झाला! दारापर्यंत पोचलो. आत लुबना आणि दोन-तीन तरुण कामगार फोनवर काहीतरी बघून खिदळत होते. कुणाचं तरी मांजर होतं, बाकी काही नाही. सुबहीला वाटलं, आपल्यालाच हसताहेत. तो आल्या पावली मागे फिरला आणि कप त्याने मोरीत रिकामा केला.

थोड्या वेळाने लुबनाच खाली आली. तिने आधीच नमुना तपासला होता, या खेपेला कढईच्या मधला. तिच्या मुठीत रुमाल होता आणि रुमालावर गुलाबी डाग. मला तो दिसला. ती सुबहीच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“अम्मो,” ती म्हणाली.

“काय गं?”

तिने मागे पाहिलं. जुनी पाचही माणसं बादल्या घेऊन उभी होती. “चहा पाठवू का?”

“नको, पोरी.”

मी सगळं जाणत होते. पण लाकडाला कुठलं तोंड? सुबहीने मला कमरेतून काढलं आणि माझ्याच अंगाने तीन ठोके मारले. लुबनाने रुमाल घट्ट आवळला. तिने शब्द पाळला.

साबण घट्ट झाला, कापला गेला आणि फख्री ठसे मारायला बसला. अनवाणी पाय साबणावर, डावा हात टेकलेला, उजव्या हातात ठशाचा हातोडा. दुपारपासून त्याची कातडी चुरचुरत होती. थंडीने फुटली असेल म्हणून तो काम करत राहिला. सुबहीचा साबण चावेल, हे त्याच्या मनातही आलं नाही. संध्याकाळी तो जिना उतरून आला तेव्हा तळपाय लालबुंद आणि तळहाताची सालं निघालेली. त्याने तो हात दोस्तापुढे धरला. रागावला नाही, हळूच म्हणाला.

“सुबही, तुझी जीभ कुठे गेली रे?”

“तापात गेली,” सुबही म्हणाला.

लुबना मागेच उभी होती. तिला रडू फुटलं. तिने सगळ्यांसमोर सांगितलं की साबण कच्चा आहे हे मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही.

सुबही तिच्याकडे वळला. “मीही तुझ्या दारातून परत गेलो, पोरी.” एवढंच म्हणून त्याने मला दाराजवळच्या खिळ्याला टांगलं आणि तो गेला तो गेलाच. हाजी बोलवायला गेले, नाही आला. लुबनाने पाठवलेलं कुनाफ्याचं ताट तसंच परत आलं. कागद खाल्ला काय नि कुनाफा खाल्ला काय, मला सारखंच, असा निरोप होता.

आता कढई थेंबावर चालते. खरं सांगायला हवं, साबण आता कुणालाही चावत नाही. पण आच कधी कमी करायची ते थेंब सांगत नाही. दोन कढया तळाला लागल्या. तेव्हा लुबना कढईभोवती नुसती फिरत होती आणि विचारायला कुणी नव्हतं. मी धूळ खात लटकते आहे. पाहुणे येतात, माझे फोटो काढतात आणि हिला काय म्हणतात म्हणून विचारतात.

दारातून मला समोरचं कॉफीचं दुकान दिसतं. सुबही रोज सकाळी तिथे येऊन बसतो. कढई उकळत असली की सगळ्या गल्लीला वास येतो. शाळेत जाणाऱ्या पोरांनाही कळतं. त्याला कळत नाही. मग तो जाणाऱ्या कुणालातरी थांबवतो आणि विचारतो, “काय रे, आज कढई चढलीय का?” चाळीस वर्षं ज्याला विचारायची कुणाची हिंमत नव्हती, तो आता वाटेवरच्या माणसांना विचारतो. लुबनाला ते ऐकू येतं. ती दारापर्यंत येते, माझ्याकडे बघते आणि आत जाते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुठेतरी कामाला लागाल. तिथे कुणी तुमच्या आजोबांच्या वयाचं असेल. मग एक दिवस तुमच्याहून लहान कुणी येईल. मान ठेवा, पण मानापायी गप्प बसू नका. माझं तर एवढंच मागणं आहे. या खिळ्यापासून सुबहीच्या खुर्चीपर्यंत बारा पावलं आहेत. कुणीतरी मला खाली काढा आणि लुबनाच्या हातात द्या. आणि तिला म्हणावं, त्याच्याकडे लवकर जा. काल ती खुर्ची रिकामी होती.