आधी पूर्ण थांब

थॉमसने पुलाच्या चढावर ब्रेक सोडला आणि ॲक्सिलरेटरवर हलका पाय ठेवून गाडी जागच्या जागी तोलून धरली. पुढे रिक्षा आणि बस खोळंबलेल्या. इंजिन गुरगुरत होतं. शेजारी बसलेल्या डेल्फिनला ते ऐकू येत होतं, पण त्याचं काही वाटत नव्हतं.

महिनाभर तिला कशाचंच काही वाटलं नव्हतं. तिचा नवरा प्लासिड बँकेत बसल्या खुर्चीत गेला, तेव्हाही तिच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. मातीच्या दिवशी उमेळे गावच्या बायका एकमेकींना कोपर मारत होत्या. लोकांचं सोडा, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? पण आपण दगड झालो की काय, हे भय मात्र तिचं तिलाच खात होतं. आज चर्चमध्ये त्याच्या महिन्याची मिस्सा, त्याच्यासाठीची प्रार्थना, आणि तरी आत सगळं कोरडंच.

"दादाने गाडी फुलासारखी जपली, वहिनी," थॉमस म्हणाला. "क्लच नाही, गिअरची कटकट नाही."

जपली म्हणे. हे दोघे भाऊ बापाच्या केळीच्या टेम्पोवर शिकलेले. चढावर गाडी तोलायची आणि चाकं थांबायच्या आत रिव्हर्स टाकायचा, हा त्या घराचा बाणाच. या गाडीला ते चालत नव्हतं. हिचा गिअरबॉक्स पट्ट्यावर चालणारा. चढावर ब्रेक दाबूनच थांबा, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नका, पट्टा खराब होईल, असं शोरूमच्या माणसाने बजावलं होतं. प्लासिडने मान डोलावली आणि विसरून गेला. लक्षात ठेवलं डेल्फिनने. गाडी टिकली ती तिच्या तोंडामुळे. तो गेला त्या सकाळीही, त्यांच्या एव्हरशाईन सोसायटीच्या गेटात, तिने त्याला यावरूनच झापलं होतं. तेच त्यांचं शेवटचं बोलणं.

चर्चच्या आवारात गाड्यांची दाटी होती. थॉमसला एक जागा दिसली, पण तो तिच्या थोडा पुढे गेला. गाडी पुढे सरकत असतानाच त्याने गिअरचा दांडा रिव्हर्सला ढकलला. खालून घरघर झाली आणि सगळ्यांना हिसका बसला.

"अरे प्लासिड, आधी पूर्ण थांब ना. किती वेळा सांगायचं तुला?"

मागच्या सीटवर थॉमसची बायको फ्लॉसी रोझरी म्हणत होती, तिचे ओठ थांबले. डेल्फिनने समोरच्या काचेतून नजर हलवली नाही.

थॉमसने ब्रेक दाबला. चाकं थांबली. त्याने नाव दुरुस्त केलं नाही.

"थांबलो," तो हळूच म्हणाला. "आता टाकू?"

डेल्फिनला हो म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं, आणि महिनाभर अडलेलं रडू एकदम बाहेर आलं, भसाभसा, कसलीही लाज न ठेवता. दोन्ही हातांनी तिने डॅशबोर्ड धरला होता.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. फ्लॉसी घाईने दार उघडायला लागली, तशी थॉमसने हात मागे करून तिला अडवलं. मिस्सेची घंटा झाली तरी तिघं गाडीतच बसून होती.