धाकटा परागंदा

डबा पत्र्याचा होता, चहाचा, आणि धुऊन-पुसूनसुद्धा त्याला अजून व्हॅनिलाचा वास येत होता. शीतलकाकू पदराच्या टोकानं तो आतून पुन्हा पुन्हा कोरडा करत होत्या, जणू त्यात माती नाही, तान्ह्या बाळाचं दूध भरायचंय — आणि समोर बसून चहात बिस्कीट बुडवणाऱ्या चिन्मयीला वाटलं, आत्ता जर आपल्याला शिंक आली ना, तर शिंकेबरोबर सगळं खरं बाहेर पडेल. बिस्कीट तुटून चहात पडलं. शिंक काही आली नाही.

"आत्याबाई, आपले बिस्कीट बुडाले," ऋषीकाका म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसले.

हे आत्याबाई प्रकरण पहिल्या दिवसापासूनचं. ऋषीकाका साठीला आलेले, मॉरिशसच्या बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले, टक्कल उन्हानं लगेच लाल होणारं. चिन्मयी पंधराची, दहावी ब. पण बैठकीच्या भिंतीवर चिकटवलेल्या वंशावळीच्या तक्त्यात पिढ्या मोजत गेलं की ती त्यांची आत्या लागायची. विमानतळावर ते वाकून तिच्या पाया पडले होते, तेव्हा आई, बाबा, गाडीवाला परवेजचाचा सगळे पोट धरून हसले होते आणि ती सगळ्यात मोठ्यानं. आत्या म्हणजे बारशाला नाव ठेवणारी... आणि ठेवलंच होतं की तिनं नाव.

तक्ता तिनंच काढलेला. मागच्या वर्षी भाट आला होता. काही वर्षांनी एकदा येतो, लाल कापडात बांधलेली वही सोडतो, घराण्यातली नावं सुरावर वाचतो, नव्या जन्मलेल्यांची लिहून घेतो आणि पुढच्या घरी जातो. तिनं त्याचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला. रखमाजीला चार मुलगे, तिघांची नावं, आणि चौथ्याला नाव नाहीच — नुसतं 'धाकटा परागंदा'. गेला, परत आला नाही, संपला. तीन महिन्यांनी त्या व्हिडिओखाली मॉरिशसहून चार ओळी आल्या, पाठ्यपुस्तकातल्या मराठीत: आमचे मूळपुरुष भिवा. जहाजाच्या कागदावर गाव पिंपळगाव, एवढेच आहे. आपल्या कुळात कोणी भिवा होता काय?

होता काय! चिन्मयीनं त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. तोवर वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी, हजेरीला 'उपस्थित' म्हणतानासुद्धा घशात खवखवणारी मुलगी ती — आणि समुद्रापलीकडून कुणीतरी तिलाच, तिलाच विचारत होतं. दहा मिनिटांत तिनं लिहिलं, "हो! आहे!" मग तक्त्यावर, त्या मोकळ्या फांदीवर, निळ्या जेल पेननं सुबक अक्षरात नाव लिहिलं — भिवा — आणि फोटो पाठवला. खोटं नव्हतं ते, तेव्हा. कुणी सांगावं, असेलही! एक माणूस निनावी गेलाय, एक नाव माणसावाचून आलंय, दोघांची गाठ घालून दिली तर कुणाचं काय बिघडलं...

मग पेपरात फोटो आला. शाळेत परिपाठाला शाल आणि नारळ. पंधरा ऑगस्टचं सूत्रसंचालन. आणि आवाज! हा जो खणखणीत आवाज तिला फुटला होता, ज्यानं ती आता रिक्षावाल्याशी भांडायची, बाईंना उलट प्रश्न विचारायची, तो त्या निळ्या नावातूनच आला होता, हे तिला पक्कं माहीत होतं.

आणि भाटाला फोन कुणी करायला सांगितला होता? कुणी नाही. तिकडून तिकिटं काढल्याचा निरोप आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनंच हौसेनं केला. "तो धाकटा व्हय?" भाट म्हणाला होता, "त्याचं नाव जुन्या वहीत हाये ना बाई. सखाराम. हैद्राबादला पलटणीत गेल्ता, तिकडंच वारला. बिगरलग्नाचा." तिनं "बरं" म्हटलं होतं. नुसतं बरं. त्या 'बरं'ला आता अडीच महिने झाले होते.

"चिन्मे, उठ की," बाबा बुटांच्या नाड्या बांधत ओरडले. "तुझ्याशिवाय गाडी हलती का? गाईड तू, आत्या तू!"

आईनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती, येसरची आमटी वेगळ्या डब्यात. तिला गाडीत उलटी होते म्हणून ती येत नव्हती. "नीट घेऊन जा त्यांना," ती चिन्मयीच्या कानाशी म्हणाली. "काकू रात्री रडत होत्या गं. म्हणाल्या, नव्वद वर्षांच्या सासूबाईंना सांगून आलेय, तुमच्या सासऱ्यांच्या मूळ गावची माती तुमच्या हातावर ठेवीन. केवढं पुण्य जोडलंस बाई तू!"

पुण्य.

पिंपळगावला जायला गाडी राजूरच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, तुरीला पिवळी फुलं. ऋषीकाका काचेला नाक लावून बसलेले. आठ दिवसांत त्यांनी वेरूळ पाहिलं, अजिंठा पाहिला, लोणारच्या सरोवराशी उन्हात उभं राहून फोटो काढले, पण प्रत्येक ठिकाणी त्यांचा प्रश्न एकच — "भिवाने हे पाहिले असेल काय?" — आणि प्रत्येक ठिकाणी चिन्मयीनं खणखणीत आवाजात उत्तर दिलं होतं. अजिंठ्याला "नक्की, जवळच आहे की!" लोणारला "पायी आले असतील, जुनी माणसं चालायची." एकेका उत्तराबरोबर तो भिवा जास्त जास्त खरा होत चालला होता, त्याला आता पाय होते, तहान होती, तो लोणारच्या काठावर बसून भाकरी खायचा... थांबव. पण तोंड थांबायचं नाही. गप्प बसलं तर आतलं ऐकू यायचं.

"पिंपळगाव तो हर तालुके में एक रहता साब," परवेजचाचा स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाला. "और मेरेकू मेरे दादा के बाप का नाम नहीं मालूम. तुम लोगां डेढ सौ साल का निकाले. कमाल है ये छोरी."

"कमाल आहेच," ऋषीकाका म्हणाले. "माझ्या आत्या आहेत त्या."

चिन्मयी खिडकीबाहेर बघत हसली. हर तालुके में एक. सगळ्यांना दिसतंय, मग कुणीच कसं विचारत नाही? विचारा ना. एकदा, एकानं तरी, डोळे बारीक करून विचारा की चिन्मयी, खरं सांग. मी लगेच सांगीन. मला फक्त पकडा कुणीतरी.

पकडायला वामनआबा होते. हा विचार तिला वाटेत रेणुकाईच्या देवळात आला, काकू डोळे मिटून ओटी भरत होत्या तेव्हा. वामनआबा म्हणजे बाबांचे चुलते, गावातच राहिलेले, ब्याऐंशीचे, ज्यांच्यासमोर कुणाची थाप टिकत नाही असे. कुळातली सगळी माणसं त्यांना पाठ. ते म्हणतील, कोण भिवा? आपल्यात कुणी भिवा न्हाई. झालं. एका क्षणात फुटेल. तिला भीती वाटली आणि — मोकळंही वाटलं, इतकं की देवळाच्या पायऱ्या ती एका उडीत दोन-दोन अशा उतरली.

आबा अंगणात खाटेवर बसले होते. धोतर पांढरंफेक, टोपी कडक. पाहुणे समोर येताच काठी टेकत उठले आणि ऋषीकाकांचे खांदे धरून त्यांच्याकडं बघत राहिले. बराच वेळ. आता, चिन्मयीला वाटलं. आत्ता.

"दीडशे वरसं लावली व्हय रे यायला?" आबा म्हणाले. "चहा गार झाला की तुझा."

ऋषीकाका हसता हसता रडायलाच लागले. आणि मग आबांनी जे सुरू केलं, ते ऐकताना चिन्मयीच्या हातातला तांब्या जड जड होत गेला. भिवा ना, आबा म्हणाले, माझी आजी सांगायची. डाव्या पायानं जरा लंगडायचा. गळा गोड. थोरल्या भावाशी बैलावरून वाजलं आन् गेला पहाटंचा, घोंगडी सुदिक न्हाई नेली.

"डावा पाय!" ऋषीकाकांनी काकूंचा हात घट्ट धरला. "शीतल, ऐकलेस? माझे वडील... डावा पाय!"

"मंग," आबा म्हणाले. "रगत कुठं जातंय?"

घरामागं एक पडकी भिंत होती. तिथं भिवाची खोली व्हती, आबांनी काठीनं दाखवलं. चिन्मयीला ती भिंत चांगली माहीत होती; मागच्या दिवाळीपर्यंत तिथं बोकडं बांधायचे, आणि ती बांधली होती तिच्या जन्माच्या जरा आधी, बाबांनी विटा आणून दिल्या होत्या. तिनं बाबांकडं बघितलं. बाबा मोबाइलवर व्हिडिओ काढण्यात गुंग. शीतलकाकूंनी चपला काढल्या, नवीन काठापदराची साडी सावरत गुडघे टेकले, बोटांनी माती उकरली, त्यातल्या दोन वाळल्या लेंड्या हलकेच बाजूला ठेवल्या, आणि डबा भरला. कपाळाला लावला. मग त्यांनी मागं वळून बघितलं आणि चिन्मयीलाच जवळ बोलावलं.

"तुम्ही लावा हात, आत्याबाई. तुमच्यामुळे."

तिनं हात लावला. माती कोमट होती.

दुपारी पाहुणे जेवून पडले तेव्हा ती आबांच्या खाटेशी गेली. उपरण्यानं माश्या वारत ते डोळे मिटून होते.

"आबा, भिवा खरंच लंगडायचा?"

"मंग? खोटं सांगतो का मी?"

"तुम्ही याआधी कधी बोलला नाहीत त्याच्याबद्दल."

आबांनी एक डोळा उघडला. "तू इचारलं कधी?" उपरणं झटकत म्हणाले, "माणसं एवढं पाणी वलांडून आली पोरी. त्यांना काय मोकळ्या हातानं लावून द्यायचं?" आणि डोळा मिटला.

म्हणजे? आबांना माहीत होतं? की आबांच्या डोक्यात म्हातारपणानं खरोखरीच एक लंगडा भिवा चालायला लागला होता, पेपरात फोटो बघितल्यापासून? तिनं त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. काही लागलं नाही. आबा घोरायला लागले. पकडणारा शेवटचा माणूस झोपला होता, आणि खोटं आता तिच्या एकटीचं राहिलं नव्हतं; त्याला आजी होती, बैल होता, घोंगडी होती. आता तिनं सांगितलं तर ती एकटीच खोटी ठरणार नव्हती. आबाही. मग नकोच सांगायला, म्हाताऱ्या माणसाची अब्रू... वा चिन्मयी. किती छान सापडलं गं तुला कारण.

परतताना ऊन कलतं झालं होतं. बाबा पुढच्या सीटवर डुलक्या घेत होते, काकू मधे बसून झोपल्या होत्या, डबा मांडीवर. भोकरदनपासून चिन्मयी खिडकीबाहेरच बघत होती.

"आज आमच्या आत्याबाई गप्प," ऋषीकाका काकूंच्या पलीकडून हळू म्हणाले. "थकल्या. आता चार दिवस सगळेच विश्रांती घेऊ. रविवारी विमान, तोपर्यंत कुठे जाणे नाही. आधी आम्ही साताऱ्याकडे जाणार होतो, ते रद्द केले."

"साताऱ्याकडे? कशाला?"

"तिकडेही एक पिंपळगाव आहे." ते हसले. "मी तेव्हा पुष्कळ गावांना लिहिले होते. तुमचे उत्तर दहा मिनिटांत आले. तिथल्या एका शिक्षकाचे नंतर पत्र आले, पोस्टाने. साधे गृहस्थ. मी त्यांना कळवले, क्षमा करा, आम्हाला आमचे लोक सापडले."

"काय लिहिलं होतं त्यांनी?"

"त्यांच्या गावातही कोणी भिवा गेला होता. नाव सामान्य आहे ना. एका घरात म्हणे दर पितृपक्षात सगळ्यांची पाने वाढून झाली की एक जादा पान वाढतात. बोटीने गेला त्याचे. तो जिवंत की मेला हे ठाऊक नाही, म्हणून ते पितरांच्या ओळीत ठेवत नाहीत, उंबऱ्याच्या आत ठेवतात. आला तर जेवेल." काकांनी खांदे उडवले. "गरीब लोक. त्यांचा भिवा कुठे गेला असेल कोण जाणे. मला पत्र वाचून फार वाईट वाटले त्यांच्याबद्दल."

परवेजचाचानं दिवे लावले. समोरून उसाची एक ट्रॉली गेली, मागं पाचट उडवत.

चिन्मयीला ते घर दिसलं. कधी न बघितलेलं, त्यामुळे त्याला नीट भिंतीही नव्हत्या, फक्त उंबरा होता, आणि उंबऱ्याच्या आत केळीचं पान. कुणीतरी बाई वाकून त्यावर भात वाढतेय, वरण, वड्या, खीर. तिचं वाढून झालं की ती दाराबाहेर जरा बघत असेल. उगाच. मागच्या भाद्रपदात बघितलं असेल, आणि तेव्हा, त्याच पंधरवड्यात, चिन्मयी भाटाला 'बरं' म्हणून फोन ठेवून परिपाठाच्या भाषणाला उठली होती... अडीच महिने तिनं रोज मोजलं होतं की सांगितलं तर काय काय जाईल: शाल, सूत्रसंचालन, बाबांची मान, पेपरातला फोटो, हा आवाज. हे पान त्या मोजणीत नव्हतंच. या बाईला तिनं मोजलंच नव्हतं. आपण दोन माणसांना फसवतोय एवढंच तिला वाटत होतं, आणि तेही ती माणसं किती खूश आहेत बघा, असं वाटून घेत.

तिनं शाल, फोटो, सूत्रसंचालन पुन्हा आठवून बघितलं, भीती वाटते का म्हणून. नेहमीच्या जागी काही दुखलं नाही. दुखत होतं ते भलतीकडंच, त्या उंबऱ्यापाशी, आणि ते पकडलं जाण्याच्या भीतीसारखं मुळीच नव्हतं.

"काका," ती म्हणाली.

"बोला, आत्याबाई."

काकांचा चेहरा अर्धवट अंधारात तिच्याकडं वळला होता, प्रेमानं, काहीतरी गंमत ऐकायच्या तयारीत. बुधवार होता. साताऱ्याला एका दिवसात जाता येतं. तिनं श्वास घेतला आणि तो परिपाठाचा, शालीचा, टाळ्यांचा आवाज घशात शोधला, तो नव्हता. होता तो जुना, शेवटच्या बाकावरचा, खवखवणारा. एवढ्याशा आवाजाला एवढं मोठं वाक्य उचलवेल का, तिला माहीत नव्हतं... पण दुसरा कुठला आवाज त्यासाठी चालणार नाही, हे तिला कळलं होतं.