बर्फासाठी कौल

माझी थोरली जाऊ इंदूबाई, आमची आक्का. तिने उभ्या जन्मात बर्फ पाहिला नव्हता, आणि बर्फावरच्या शर्यतीपायी तिने घरात जो गोंधळ घातला तो मी या डोळ्यांनी पाहिला. आठवलं की आधी हसू येतं, मग रडू.

मुंबईच्या बंदरात मोठा स्फोट झाला, त्या सालची गोष्ट. लार्स नावाचा नॉर्वेचा एक तरणा खलाशी त्यात जखमी झाला. जहाज जळालं, देश जर्मनांच्या ताब्यात, डावा पाय मोडलेला. बरं व्हायला त्याला माथेरानच्या एका हॉटेलात आणून ठेवलं. माझे थोरले दीर, सहदेव भाऊजी, तिथे हातरिक्षा ओढायचे. पावसाळा लागला, डोंगरावरची छोटी गाडी बंद झाली, हॉटेलाला कुलूप लागलं. आता या माणसाने जायचं कुठे? भाऊजींनी त्याला डोलीत घातलं आणि पायथ्याला आमच्या घरी आणून उतरवलं. घरात कुणाला विचारायची पद्धत त्यांना कधी नव्हतीच.

"एवढा लांबलचक मानूस! याला निजवायचा कुठं?" आक्का कपाळाला हात लावून म्हणाली. आणि तिन्हीसांजेला त्याच्या पायाला तेल चोळत बसली.

आक्काला एकच लेक, ठकी. तेव्हा परकर सावरत हुंदडणारी पोर. ठकीचं ऐकून लार्सही आक्काला 'आये' म्हणायला लागला. आक्काचा त्याच्यावर जीव जडला, पोटच्या पोरावर जडतो तसा. यात आडपडदा कशाला ठेवू?

आषाढात चिखलणी चालली होती. नांगरलेल्या चिखलात बैलांच्या मागे लाकडी फळी जोडतात आणि माणूस तिच्यावर उभा राहतो. त्याच्या वजनाने चिखल सारखा होतो. लार्स बांधावरून बघत होता. बघता बघता त्याने काठी टाकली, लंगडत शेतात उतरला आणि भाऊजींना बाजूला सारून फळीवर चढला. आम्ही ओरडलो. त्याने गुडघे वाकवले, हात सैल सोडले, डोळे मिटले. बैल निघाले. बारीक पाऊस, खाली चिखलाची सुरसुर, आणि तो नुसता तरंगत चाललेला. शरीराने आमच्या शेतात होता एवढंच. परत आला तेव्हा तोंडभर चिखल होता आणि तो हसत होता. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा.

त्या संध्याकाळी मोडक्या मराठीत त्याने सांगितलं. त्याच्या देशात पायाला दोन लांब फळ्या बांधतात. उंच उतारावरून सुसाट येऊन हवेत उडी घ्यायची, पाखरासारखं लांब जाऊन उतरायचं. मग त्याच माणसाने फळ्यांवरूनच रानातून कोसच्या कोस धावायचं. दोन्हीचं मिळून ज्याचं चांगलं, तो जिंकला. लढाईच्या आधी तो त्यात नाव राखून होता.

"परत?" आक्काने त्याच्या पायाकडे बोट दाखवून विचारलं.

"परत," तो म्हणाला. "एकदा."

दिवाळीच्या सुमारास त्याला दुसऱ्या जहाजावर बोलावणं आलं. आक्काने तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या आणि कर्जतच्या फलाटावर पदर तोंडात धरून उभी राहिली.

मध्ये काही वर्षं गेली. लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, ठकी खालापुरास नांदायला गेली. एका मार्गशीर्षात भाऊजी माथेरानाहून बातमी घेऊन आले. हॉटेलच्या मॅनेजरला लार्सचं कार्ड आलं होतं. पाय बरा होता. या हिवाळ्यात तो देशोदेशीच्या शर्यतींत उतरणार होता, तीन ठिकाणी. वय झालं, पुढच्या साली जमायचं नाही, हा शेवटचाच हंगाम.

झालं! घरात बर्फ शिरला. मळणीचा भुसा अंगावर उडाला की आक्का हात थांबवून म्हणायची, "असाच पडत आसंल, न्हाय गं इमल?" पहाटे चुलीपुढे बसून म्हणायची, "आता उटला आसंल. फळ्या बांधत आसंल." वालाची पांढरी फुलं बघतानाही ती दुसरीकडेच असायची. मी तिची थट्टा करायची, आणि खरं सांगायचं तर कधी कधी मलाही ते पांढरं रान दिसायचं. त्यात एक लांबलचक माणूस आवाज न करता चाललेला असायचा.

पहिल्या शर्यतीच्या आधी आक्काने गावदेवीपुढे नारळ फोडला. "आये, माझ्या लेकराला उघाड दे. लख्ख ऊन पडू दे. ढग नको, थेंब नको." आमच्याकडे चांगलं मागायचं म्हणजे उघाडच मागायची. खळ्यावर भात असो की दारात मांडव, आभाळ मोकळं हवं. दुसरं काय मागणार?

पौष सरताना भाऊजी डोंगर उतरून आले ते मान खाली घालून. मॅनेजरला लार्सचं दुसरं कार्ड आलं होतं, तिकडे थंडीत भलतंच ऊन पडलं होतं. पहिल्या दोन्ही शर्यतींच्या वेळी बर्फ वितळून उताराचा राडा झाला, लार्स उडी मारून उतरताना घसरला आणि पार मागे पडला.

आक्का मटकन खाली बसली. "म्या केलं, इमल. म्याच ऊन मागितलं."

"देवीचे हात एवढे लांब आहेत होय, आक्का?" मी म्हटलं. ती हसली नाही.

तिसरी शर्यत त्याच्या स्वतःच्या देशात होती, शिमग्याच्या आधी. आक्काने ठरवलं, मागणं उलटं करायचं. देवीकडून मळभ मागून घ्यायचं, गारठा मागायचा. पण दारचा आंबा तेव्हा मोहोराने लदलेला होता, आणि मळभ आलं, धुकं धरलं की मोहोर जळतो हे शेंबडं पोरही सांगेल. त्यात ठकीला पहिल्यांदाच दिवस गेले होते. दर येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर इकडून लार्सच्या शर्यतीची खबर जायची आणि खालापुराहून तिचा निरोप यायचा, की मला आपल्या दारच्या कैऱ्या हव्यात, दुसऱ्या कुठल्या चालायच्या नाहीत.

भाऊजी कडाडले. "येडी झालीस काय गं? लेकीचे डोहाळे हायेत, आन तू मळभ मागतंस?"

"लेकीला म्या दुसरं कायबी करून घालीन. त्याला आता दुसरं कायबी नाय."

"मग आक्का, तिकडच्यापुरतंच मागा की," मी मध्ये तोंड घातलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जशी मीच अडाणी. "आभाळ दोन आसतात काय गं?"

विठू गुरवाने कौल लावायला देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. आक्का हात जोडून उभी होती. भाऊजी देवळाबाहेर पाठ फिरवून उभे होते. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवी कळी सुटली.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तेच पांढरं. धुक्याने शेतं गिळली, बांध गिळले, वर माथेरानाचं टोक तेवढं पाण्यातल्या खडकासारखं उरलं. पळसदरीकडून गाडीची शिटी आली, पण गाडी कुठली दिसायला! आक्का अनवाणीच त्या पांढऱ्यात चालत गेली. मी हाक मारली तर आतून आवाज आला, "हितंच हाय गं. जरा बघते, त्याला कसं वाटत आसंल." मीही गेले. केसांवर थेंब धरले, पायाखालची जमीन दिसेना. आम्ही दोघी बाया कितीतरी वेळ तशाच उभ्या होतो. मला वाटलं, आत्ता कुणीतरी वरून उडत येईल आणि आमच्या पुढ्यात अलगद उतरेल.

धुकं तसंच राहिलं. उठलं तेव्हा मोहोर काळा पडून गळला होता. भाऊजी झाडाखाली उभे राहिले, चिमूटभर मोहोर हातात घेऊन चुरला, आणि आक्काकडे न बघता घरात गेले. दुसऱ्या आठवड्यात मात्र मॅनेजरकडे बातमी विचारायला स्वतःहून डोंगर चढून गेले.

आले ते धापा टाकत. "गुडघाभर बर्फ पडला म्हने! उडीत दुसरा आला. धावताना पाय भरून आला, तरी शेवटपत्तर धावला. चौथा हाय."

"पडला नाय ना?"

"नाय."

"पाय?"

"धड हाय."

आक्काने डोळ्यांना पदर लावला आणि चुलीवरचं दूध उतू गेलं तरी उठली नाही.

चैत्र सरता सरता ठकी बाळंतपणाला आली. पोटाचा भार सांभाळत आधी अंगणातच गेली आणि झाडाकडे बघत राहिली. नुसती पानं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"आये, माज्या कैऱ्या कुठं?"

आक्का सुपात तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भावाला दिल्या तुज्या."

ठकीला भाऊ नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक. आईला काहीतरी झालं असं तिला वाटणार, नाहीतर ती रडणार, नाहीतर भांडणार. ठकी आईकडे बघत राहिली. माझ्याकडे बघितलं. मग सावकाश तिच्या ध्यानात आलं.

"कितवा आला?"

"चवथा."

ठकी उंबऱ्यावर टेकली, कमरेवर हात ठेवले आणि करवादली, "चवथा येऊन सगळ्या खाल्ल्या? बहिनीला येक ठिवली नाय?"

आणि आक्का सूप बाजूला ठेवून ओक्साबोक्शी रडायला लागली.