करंजाड्याला आलेली मागणी

आमचे हेडमास्तर दिनानाथराव यांना सुचलेली प्रत्येक चांगली गोष्ट शेवटी माझ्या गळ्यात पडते. एकोणीसशे सत्तावन्न साली त्यांना सुचलं, की दहावीच्या मुलांच्या आईबापांना शाळेत बोलवावं आणि मॅट्रिकनंतर कॉलेजचं काय, ते आत्ताच ठरवून घ्यावं. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची; वर्षभर आधी ठरलं की अभ्यासाला दिशा मिळते, मुंबईत राहायची सोय बघता येते. कल्पना उत्तम होती. "तेव्हा कर्णिकबाई, तुम्ही बोला," असं म्हणून ते मोकळे झाले.

मी बोलले. फळ्यावर तीन रकाने आखून आर्ट्स, सायन्स, कॉमर्स असं घसा कोरडा पडेपर्यंत समजावलं. समोर पनवेलातले दुकानदार आणि आसपासच्या गावांतले शेतकरी, मिठागरवाले बसले होते. बोलून झाल्यावर कापडवाले रहीमभाई उठले आणि म्हणाले, "बाई, आमच्या अलीला अशा कॉलेजात घाला जिथं सकाळी लवकर उठवतात. बाकी काय शिकवतील ते शिकवू देत." सगळे हसले. अलीचं कॉमर्स तिथल्या तिथे ठरलं.

मी मात्र वाट बघत होते ती काशीराम घरतांची. त्यांची धाकटी मुलगी शकू करंजाड्याहून रोज चालत शाळेत यायची. गणितात पहिली, आणि हसायला लागली की शेजारच्या वर्गातले मास्तर शिकवायचे थांबायचे. तिला सायन्सला जायचं होतं. पण पेणकडचं एक स्थळ सांगून आलं होतं आणि मॅट्रिकची परीक्षा होताच लग्न उरकायचं, असं घरात बोलणं चाललं होतं. काशीरामांनी आता हो म्हटलं नाही, तर ती पुढच्या उन्हाळ्यात बोहल्यावर चढणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. माझ्या नशिबी इतकी हुशार मुलगी पुन्हा कधी येणार होती?

काशीराम शेवटच्या बाकावरून उठले. "बाई, तुमचा कालेज पोरीला ठेवून घेनार. आमची पोर दुसऱ्याच्या घरात रानार. बरोबर?"

"वसतिगृहात राहणार," मी म्हटलं.

"तेच. मंग आमच्यात पोरीचा बाप दारोदार फिरत नाय. पोर ज्याला पायजे त्यानं मागनी घालाया यावं."

"कॉलेज म्हणजे काय नवरदेव आहे?" माझा आवाज चढलाच.

"घरातली पोर उंबऱ्याबाहेर जानार, तर नवरदेव काय न् कालेज काय! मागनी ईल तवा बघू." एवढं बोलून त्यांनी पागोटं सारखं केलं आणि ते चालू लागले.

मला संताप आला तो त्यांच्या बोलण्याला उत्तर सुचेना म्हणून. पनवेलच्या हायस्कुलात मी भल्याभल्यांना गप्प केलं होतं, आणि हा माणूस दोन वाक्यांत मला गप्प करून गेला. कॉलेज कधी कुणाच्या दारात येत नाही, हे ओळखूनच त्यांनी अट घातली होती. दुसऱ्या दिवशी शकू वर्गात आली ती मान खाली घालून. दिवसभर ती एकदाही हसली नाही. तेव्हा मी मनात म्हटलं, थांबा काशीराम, मागणीच हवी ना तुम्हाला?

माझी कॉलेजातली मैत्रीण फरिदा मुंबईला एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होती. मी तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, ती हसेल. पण फरिदा मूळची उरणची, मिठागरांच्या शेजारी वाढलेली. ती गंभीरपणे म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं. रीत म्हणजे रीत. मागणीला रिकाम्या हाताने जायचं नसतं, एवढं सांगून ठेवते."

पुढच्या रविवारी ती एसटीतून उतरली ती हातात नारळ आणि साखरेचा पुडा घेऊन. करंजाड्याला आम्ही पोचलो तेव्हा सारवलेल्या अंगणात चटया पसरलेल्या होत्या. निरोप मी आधीच धाडला होता, आणि गावात असला निरोप लपून राहत नाही. शकूचा चुलता भगवान होता, गावातले सर्वांत वयस्कर बुधाजी होते, आणि कुंपणाबाहेर निम्मं गाव होतं. काशीराम कडक सदरा घालून मध्ये बसले होते आणि त्यांचा चेहरा पाडव्याला कडुनिंब चावल्यासारखा झाला होता. दिलेला शब्द आता गावासमोर त्यांच्याच अंगावर आला होता.

फरिदाने नारळ आणि साखर पाटावर ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "आमच्या घराला तुमची शकू पसंत आहे. मागायला आले आहे."

कुंपणाबाहेर खसखस पिकली. बुधाजींनी काठी आपटून सगळ्यांना गप्प केलं. त्यांनी असल्या कितीतरी बैठका चालवल्या होत्या आणि ही वेगळी आहे असं त्यांच्या गावीही नव्हतं. "घरात मानसं किती?"

"पन्नास मुली."

"आन् सासू कोन?"

"मीच."

"खाष्ट हाय का?" त्यांनी हे मला विचारलं, कारण त्यांच्या हिशेबी मी मध्यस्थ होते.

"आहे," मी म्हटलं. "मी चार वर्षं हिच्या खोलीत काढली आहेत. दिवा विझवायच्या वेळेवरून रोज भांडायची."

"मंग घर शिस्तीचा हाय," बुधाजींनी निकाल दिला. "पोरीला बोलवा."

शकू चहाचा ट्रे घेऊन आली, हिरव्या लुगड्यात. आता हिला नाव विचारणार, चालून दाखव म्हणणार, असं बाहेरच्या बायकांना वाटलं असणार. फरिदाने ट्रे स्वतःच्या हातात घेतला आणि तिला शेजारी बसवलं. "आमचं विचारून झालं आहे, कर्णिकबाईंकडून. आता तू विचार. तुला जायचंय ना आमच्याकडे? मग घर नीट पारखून घे."

शकूने विचारलं, "प्रयोगशाळेत मुलींना सामानाला हात लावू देतात का? आमच्या शाळेत मुलगे प्रयोग करतात आणि आम्ही मागे उभ्या राहून बघतो."

हे माझ्याच शाळेबद्दल होतं. मी चहाच्या कपात बघत राहिले.

"आमच्या कॉलेजात जिचा प्रयोग तिनेच करायचा," फरिदा म्हणाली. "आणि काही फुटलं तर शिव्याही तिनेच खायच्या."

"रविवारी मासळी असते?"

"असते. पण तुझ्या आईच्या हातची चव विसर."

आता शकू हसली, तिचं ते नेहमीचं हसू, आणि कुंपणाबाहेरचेही हसले. मग तिने वडिलांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मला घरी कधी येता येईल?"

"दिवाळीत, मे महिन्यात. शिवाय तुझे वडील न्यायला आले तर कधीही."

काशीरामांनी इतका वेळ खाली घातलेली मान वर केली. "कवाही? आदी कुनाला इचाराया नको?"

"बाप लेकीला न्यायला आला, तर विचारायचं कुणाला?"

काशीराम एकदम बोलायला लागले, आणि बोलत होते ते शकूबद्दल नव्हतं. "माझी थोरली गोदू. उरनच्या अंगाला दिली. दोन शिमगे झाले, आनाया जातंय तर सासू म्हनते, घरात काम हाय, नंतर या. खाडीच्या व्हरीतना उतरून अंगनात बसतंय, पानी पितंय न् तसाच माघारी येतंय. पोर दाराआडून बगते. आता हीपन गेली तर घरात कोन हसंल?"

हा माणूस रीतीचा अडसर लावून स्वतःच्या घरातलं हसू राखत बसला होता, आणि मी त्याला अडाणी, हट्टी म्हणत होते. मला त्यांची फार माया आली.

"व्हय का नाय, ते सांग," बुधाजी खाकरून म्हणाले. "नारळ वाट बघतोय."

काशीरामांनी शकूकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी नारळ उचलला. "पोर दि..."

"थांबा!"

दारात शकूची आई कमळाबाई उभी होती. सकाळपासून तिने तोंड उघडलं नव्हतं. "दिली म्हनू नका. गोदूला दिली म्हनालात, ती परत आली नाय. शकूला धाडली म्हना."

"रीतीत दिली असंच म्हनतात," बुधाजी म्हणाले.

"रीतीत सासू नारळ घेऊन मोटारीतना येते का? आज रीत बदललीच हाय, तर मंग येवढीपन बदला."

बुधाजींनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मला फार बरं वाटलं, घरतांच्या घराने गप्प केलेली मी एकटीच नव्हते.

"धाडली," काशीराम म्हणाले. नारळ देवापुढे न ठेवता कमळाबाईने तिथेच फोडला आणि खोबरं साखरेबरोबर कुंपणाबाहेरच्यांनाही वाटलं.

पेणच्या स्थळाला नकाराचा निरोप गेला. आमच्या शाळेत त्याच महिन्यापासून मुलींनी प्रयोगाच्या सामानाला हात लावायला सुरुवात केली. दोन काचेच्या नळ्या फुटल्या आणि दिनानाथरावांनी मला जाब विचारला. मी त्यांना पालकांची सभा कुणाची कल्पना होती, याची आठवण करून दिली. शकू मॅट्रिकला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि जूनमध्ये एसटीने मुंबईला गेली. निरोप द्यायला अर्धं करंजाडं पनवेलच्या स्टँडवर होतं. रडले फक्त काशीराम.

ऑगस्टात फरिदा मला भेटली तेव्हा कपाळाला हात लावून बसली. "कुमुद, तुझे ते काशीराम! एक रविवार चुकत नाहीत. सकाळी फाटकात हजर. पोर न्यायला आलो, म्हणतात."

"मग तू काय करतेस?"

"मी काय करणार, शब्द दिलाय ना! शकूला बोलावते. ती येऊन म्हणते, आबा, या रविवारी नाही जमत, अभ्यास आहे. मग बापलेक फाटकाशी बसून कमळाबाईंनी दिलेलं मासळीचं सुकं खातात, हसतात, आणि ते एकटेच परत जातात."

मला वाईट वाटलं. पुढच्याच रविवारी संध्याकाळी काशीराम मला पनवेलच्या बाजारात भेटले, तर मी त्यांची समजूत घालायला गेले. पण ते खुशीत होते. बाजारातल्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मला सांगितलं, "बाई, आजपन नाय आली! पन नाय म्हनाली ती आमची पोर म्हनाली. सासू नाय."